मागून घेतलेलं खरं

५ मार्च, मंगळवार

आजच्या विमानातून शाळा-मंडळाचं पाकीट आलं. त्यावर मुख्याध्यापकांचं नाही, माझं नाव होतं. मारेवेइया, गणित शिक्षिका, आणि पुढे कुणीतरी हाताने लिहिलं होतं : पदवीधर. मुख्याध्यापक बाउरो सरांनी पाकीट देताना तेवढा एकच शब्द मोठ्याने वाचला. टोमणा होता की कौतुक, कळलं नाही.

आत वीस प्रश्नावल्या आहेत. विषय : माध्यमिक शिक्षकांचं नोकरीतलं समाधान. तीन वर्षांत आमच्या शाळेतून सात शिक्षक राजधानीला, तारावाला, निघून गेले. का गेले, हे मंडळाला समजून घ्यायचं आहे. फिजीत, सुवाच्या विद्यापीठात, शेवटच्या वर्षी मी याच विषयावर निबंध लिहिला होता. पगार, राहायचं घर, वरिष्ठांची वागणूक, बढतीची संधी, गावातला मान. समाधान कशाकशावर टिकतं ते मला पाठ आहे. आता ते आमच्या बेटाच्या कामी येईल. शिक्षकांच्या घरांची छपरं गळतात, पाण्याला एकच टाकी आहे. कागदावर हे नीट मांडलं तर कुणी नाही म्हणणार नाही.

संध्याकाळी बाबा माडावरून नीरा घेऊन उतरले, तेव्हा त्यांना सांगितलं.

"म्हणजे ते विचारणार, तुम्ही सुखी आहात का?"

"साधारण तसंच."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर ते सुधारणा करतील, बाबा."

त्यांनी भांडं खाली ठेवलं, त्यातली एक माशी बोटाने काढली. "सुखी नाही असं परक्याला कोण सांगतं?"

बाबांना वाचता येत नाही. त्यांचा दोष नाही.

८ मार्च, शुक्रवार

सगळं फुकट गेलं.

प्रत्येकाने एकट्याने, मनापासून भरायचे फॉर्म. वरती स्पष्ट छापलंय : सहभाग ऐच्छिक आहे, नाव लिहू नये. बाउरो सरांनी मधल्या सुट्टीत आम्हा नऊ जणांना चटईवर बसवलं आणि स्वतःच एकेक प्रश्न वाचू लागले.

"पगार वेळेवर मिळण्याबाबत आपण कितपत समाधानी आहात? एक म्हणजे अजिबात नाही, पाच म्हणजे पूर्ण. लिहा, पाच."

"सर, फेब्रुवारीचा यायचाय अजून," इओतेबा म्हणाला. तो इंग्रजी शिकवतो आणि गप्प बसू शकत नाही.

"जानेवारीचा आला ना?"

"आला."

"मग पाच. पुढे. घराबाबत?"

"माझ्या छपरातून मला आभाळ दिसतं, सर."

"आभाळ दिसणं चांगलं. पाच."

सगळे हसत होते आणि लिहीत होते. नऊ फॉर्म, वीस प्रश्न, सगळीकडे पाच. मानेआबात, गावाच्या मोठ्या मंडपात, सभा बसते तशीच ही झाली. सर्वांत वडीलधारा बोलतो आणि बाकीच्यांचं तेच मत असतं. पण ही सभा नव्हती. मी तसं म्हणाले, तर सर म्हणाले, "तू पण लिही, पोरी. पेन आहे ना?"

मीही पाच लिहिले. याची आत्ता लाज वाटते आहे. सर मंडळाला घाबरतात. म्हाताऱ्या माणसांचं हे असंच असतं.

(जूनमध्ये लिहिते आहे : वरचं शेवटचं वाक्य खोडणार होते. खोडलं नाही. राहू दे.)

९ मार्च, शनिवार

अकरा कोरे फॉर्म उरले आहेत. ठरवलं, घरोघरी जायचं.

पहिला इओतेबा. अनवाणी बसला होता. गेल्या गुरुवारी त्याने जहाजावरून आलेल्या नव्या चपला घेतल्या होत्या. शुक्रवारी चुलतभाऊ दारात येऊन "बुबुती" म्हणाला. असं मागितलेलं द्यावंच लागतं. चपला गेल्या.

"नाही म्हणायचं होतंस," मी गंमत केली.

"तू म्हणून बघ. बुबुतीला नाही म्हटलेला माणूस मला दाखव, त्याच्याकडून मी चपला मागतो."

त्याने सगळं खरं लिहिलं. घर दोन, पगार दोन, बढती एक. सर, चार. "सरांना चार का?" विचारलं तर म्हणाला, "एक मार्क हस्ताक्षराचा कापला." संध्याकाळपर्यंत सात जणांनी भरून दिले. लोकांना बोलायचंच असतं, कुणी विचारत नाही इतकंच.

उरल्या नेई रिबेता.

११ मार्च, सोमवार

नेई रिबेता, म्हणजे आमच्या रिबेताबाई, विज्ञान शिकवतात. या शाळेत चोवीस वर्षं झाली. त्यांचं शिक्षण प्राथमिक शाळेच्या शिक्षिकेचं. अकरा वर्षांपूर्वी विज्ञानाचे सर अर्ध्या सत्रात निघून गेले, तेव्हा तात्पुरता म्हणून विषय त्यांच्याकडे आला तो राहिलाच. माझ्या आणि त्यांच्या वर्गात फक्त चटईची भिंत आहे. पलीकडून दिवसभर आवाज येतो. मुलं भांडतात, हसतात, मधूनच सगळा वर्ग उठून बाहेर जातो. आणि त्यांचं ते ठरलेलं, "मला नाही माहीत. तुम्हाला काय वाटतं?" माझी मुलं माझं सोडून तिकडे कान देतात. शिक्षिकेने रोज उठून मला माहीत नाही म्हणणं बरं नव्हे, असं मला पहिल्या दिवसापासून वाटत आलंय.

शाळा सुटल्यावर गेले. त्या दारात बसून केतकीच्या पाती शिंपल्याने खरवडत होत्या.

"मी भरला ना एकदा."

"तो बाउरो सरांनी भरला, नेई."

"मग उत्तरं त्यालाच माहीत असतील. त्यालाच विचार."

"तुमचं खरं हवंय मंडळाला. चोवीस वर्षं झालेल्या बाईचा शब्द मोठा असतो. छप्पर होईल, टाकी येईल."

"छप्पर मी विणते आहे. दिसतंय ना तुला? बस, भाकरफळ भाजलंय, खा."

मी भाकरफळ खाऊ लागले. पुन्हा विचारलं. त्या हसल्या, विषय बदलला, माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काही गोष्टी लिहिण्यासारख्या नसतात गं. घरातल्या घरात बऱ्या असतात."

मग मला एकदम सुचलं. मी म्हणाले, "बुबुती, नेई. मला तुमचं खरं द्या."

त्यांचा हात थांबला.

"बुबुती म्हणालीस?"

"हो."

त्यांनी हातातली पात शेवटपर्यंत खरवडली. मग शिंपला बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "ठेव तो कागद तिथे."

परत येताना फार हलकं वाटत होतं. सुवात शिकलेलं आणि घरी शिकलेलं, दोन्ही एकाच वेळी उपयोगी पडल्यासारखं.

१५ मार्च, शुक्रवार

चार दिवस लागले त्यांना. आज फॉर्म प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणून दिला. अक्षर फळ्यावरच्यासारखं मोठं, गोल. घर एक, पाणी एक, पगार दोन, बढती एक.

शेवटी मोकळी जागा होती, 'आपल्याला कामात येणाऱ्या अडचणी'. ती भरून मागच्या कोऱ्या बाजूलाही लिहिलंय. त्यातलं थोडं इथे उतरवते :

"रसायनाचे शेवटचे तीन धडे मला येत नाहीत. अकरा वर्षांत आले नाहीत. ते धडे मी मुलांच्या बरोबरीने वाचते. पुष्कळदा एखाद्या मुलीला आधी कळतं, मग ती मला सांगते. बाउरोला हे ठाऊक आहे. परीक्षेत मुलं पास होतात, पण ते माझ्यामुळे असं मी म्हणू शकत नाही."

वाचून मला वाईट वाटलं. इतकी वर्षं या बाईने किती अवघडलेपण सोसलं असेल. तिला प्रशिक्षणाला पाठवायला हवं होतं, कुणी पाठवलं नाही. हे मंडळाला कळलंच पाहिजे.

पण अगदी शेवटचा प्रश्न, 'एकंदरीत आपण या नोकरीत कितपत समाधानी आहात?' तिथे त्यांनी लिहिलंय : पाच.

मी पिशवी घेऊन त्यांच्या मागे धावले. "नेई, हे चुकून पडलं का?"

"नाही."

"पण घर एक, पाणी एक, पगार दोन. बेरीज बघा ना. मग एकंदर पाच कसं?"

"तिथे घराचं विचारलंय, मी घराचं सांगितलं. इथे माझं विचारलंय."

"हे जुळत नाही."

"मग नसेल जुळत," त्या म्हणाल्या. "तू मागितलंस ते दिलं."

मनात खूप घोळवलं. जन्मभराची सवय. वडीलधाऱ्यांपुढे तक्रार करायची नाही, शेवटी बरं म्हणायचं. संशोधनात याला नाव आहे, आम्हाला शिकवलं होतं. अहवालात मी टीप जोडली : 'विज्ञान शिक्षिकेचं शेवटचं उत्तर इतर उत्तरांशी विसंगत. संकोचापोटी दिलेलं दिसतं. प्रत्यक्षात तीव्र असमाधान.'

१९ मार्च, मंगळवार

अहवाल भरलेल्या नव्या फॉर्मांसकट विमानाने गेला. बावीस पानं. मोजून तीन वेळा वाचला. बाउरो सरांना दाखवला नाही, ते नियमात बसत नाही.

३० एप्रिल, मंगळवार

मंडळाचं पत्र आलं. सरांनी मधल्या सुट्टीत वाचलं. आधी कौतुक, माझं, नाव घेऊन. मग दोन नव्या पाण्याच्या टाक्या मंजूर, मे अखेरच्या जहाजाने येतील. इओतेबाने माझ्या पाठीवर थाप मारली. मग सर थांबले. चष्मा काढून पुसला आणि पुढचं वाचलं. ते कागदावर आहे तसं लिहिते, कारण माझ्या शब्दांत लिहायला लागले तर मी ते सौम्य करीन.

"विज्ञानाच्या शिक्षिकेने स्वतः मान्य केलेली विषयज्ञानातील उणीव, तसेच अहवालात नोंदवलेले त्यांचे तीव्र असमाधान लक्षात घेता, त्यांना मे महिन्याअखेर सन्मानपूर्वक कार्यमुक्त करण्यात येत आहे. त्यांचा विषय व शिक्षक निवास श्रीमती मारेवेइया, पदवीधर, यांच्याकडे सोपवण्यात यावा."

नाव कुणी विचारलं नव्हतं, नाव कुणी लिहिलंही नव्हतं. पण स्त्री, विज्ञान, सेवा चोवीस वर्षं. आमच्या शाळेत अशी बाई एकच आहे. बावीस पानं लिहिताना हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

नेई रिबेतांनीच विचारलं, "टाक्या जहाजातून किनाऱ्यावर आणणार कशा? त्या मोठ्या असतात."

१ मे, बुधवार

बाबांना सांगितलं. सगळं. बुबुतीचं सुद्धा.

"त्या कागदावर वरती काय लिहिलं होतं म्हणालीस?"

"सहभाग ऐच्छिक आहे."

"म्हणजे?"

"मन असेल तर भरा. नसेल तर नका भरू."

"आणि तू बुबुती केलीस."

मी चटईची एक पात ओढत राहिले.

"माणूस होडी मागतो," बाबा म्हणाले. "देणाऱ्याला माहीत असतं होडी केवढी आहे. मागणाऱ्यालाही माहीत असतं. तू काय मागितलंस ते तुला तरी माहीत होतं का?"

"मी त्यांच्या भल्यासाठी मागितलं, बाबा."

"असेल," ते म्हणाले, आणि कोयता घेऊन माडावर चढले. एरवी वर गेले की गातात, खालच्यांना कळावं वर माणूस आहे म्हणून. आज गायले नाहीत.

३ मे, शुक्रवार

बाउरो सरांकडे गेले. ते शाळेच्या मागे कोंबड्यांना खोबरं टाकत होते. मी म्हणाले, सर, मला ओरडा तरी.

"पदवी किती जणांकडे आहे आपल्यात?"

"तुमच्याकडे. माझ्याकडे. इओतेबाची एका विषयावरून राहिलीय."

"म्हणजे नऊतले सात जण बिनपदवीचे, आणि आठवा इओतेबा." ते थोडं हसले. "गेली चार वर्षं मंडळ विचारतंय, कोण कच्चं आहे, नावं कळवा. नऊही जणांनी सगळीकडे पाच लिहिले की त्यांना काढायला माणूस सापडत नाही. सगळेच सारखे दिसतात."

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं की. लिही पाच म्हणालो."

"मला वाटलं, तुम्ही घाबरता."

"घाबरतच होतो," सर म्हणाले आणि उरलेलं खोबरं एकदम टाकून दिलं.

६ मे, सोमवार

मंडळाला पत्र लिहिलं. अहवालातली टीप हे केवळ माझं अनुमान होतं, ते चुकलं. सदर शिक्षिका स्वतः पूर्ण समाधानी असल्याचं लेखी सांगत आहेत. त्यांची मुलं दर वर्षी परीक्षेत पास होतात. सरांनी खाली सही केली, इओतेबाने केली, सगळ्यांनी केली. नेई रिबेतांकडे नेलं तर त्या म्हणाल्या, "मी नाही करत. मी लिहिलंय ते लिहिलंय. आता ते खोटं कसं म्हणू?"

"खोटं म्हणायचं नाहीये, नेई. फक्त माझा अर्थ चुकला असं."

"तो तुझा तू लिहिलास ना? मग झालं."

आवाजात राग नव्हता. असता तर मला काहीतरी करता आलं असतं.

२४ मे, शुक्रवार

मंडळाचं उत्तर. चार ओळी. "आपण ज्येष्ठ सहकारी भगिनीविषयी दाखवलेला आदर अनुकरणीय आहे. तथापि विषयज्ञानाबाबतचा मजकूर त्यांच्याच हस्ताक्षरात असल्याने निर्णयात बदल संभवत नाही."

त्यांच्याच हस्ताक्षरात. मी मागितला नसता तर तो मजकूर जगात नव्हता.

दिवसभर एकच गोष्ट आठवते आहे. बुबुती करताना माणसं मान खाली घालतात. चुलतभावाने चपला मागतानासुद्धा घातली असेल. समोरच्याला आपण नाही म्हणायची सोय ठेवत नाही, म्हणून निदान तेवढं. मी तेही केलं नव्हतं. त्यांच्या डोळ्यांत बघून मागितलं होतं, आणि हातात त्यांचंच भाकरफळ होतं.

१ जून, शनिवार

जहाज आलं. टाक्या उतरल्या. नेई रिबेतांनी विचारलं होतं ते बरोबर होतं, होडीत त्या मावेनात. शेवटी फॉर्म थ्रीच्या वर्गातल्या मुलांनी पाण्यात ढकलून, पोहत, तरंगवत आणल्या. किनाऱ्यावर मोठा दंगा. त्याच होडीतून परतीच्या खेपेला नेई रिबेता जाणार होत्या, तारावाच्या बेतिओला, लेकीकडे. तिथे एका खोलीत सात माणसं राहतात.

त्यांचं सामान म्हणजे दोन चटया, एक पेटी, एक पातेलं. मी पाण्यात गुडघ्याइतकी उतरून त्यांच्याजवळ गेले आणि आठवडाभर ठरवून ठेवलेलं बोलले.

"नेई, माझ्याकडे मागा. काहीही. बुबुती करा."

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "काय आहे तुझ्याकडे?"

"सायकल आहे. सौरदिवा आहे. पगार. तुम्ही इथेच राहते म्हणालात तर ते घर तुमचंच. नोकरी सोड म्हणालात तर सोडते."

हे शेवटचं मी मनापासून म्हणत होते. देवाशप्पथ. आणि त्यांनी मागितलं असतं तर द्यावंच लागलं असतं, याची मला भीतीही वाटत होती.

होडीवाला हाका मारत होता. नेई रिबेता जरा विचारात पडल्यासारख्या झाल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांनी काढलेला नीरेचा पाक आहे का घरी? एक बाटली दे. बेतिओत मिळतो तो पाण्याचा."

मी धावत घरी गेले, धावत आले. बाटली त्यांनी कपड्यात गुंडाळली, पेटीत उभी ठेवली. "फॉर्म थ्रीची रूता पुढे बसते," त्या म्हणाल्या. "तिला ऐकू कमी येतं, सांगत नाही कुणाला. तिला मागे बसवू नकोस."

होडी गेली.

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "थोडंसं मागून तिने तुला मोकळं केलं."

"मग मोकळं का वाटत नाही?"

बाबा उठले. रिकाम्या जागी दुसरी बाटली ठेवली.

३ जून, सोमवार

आज सामान नव्या घरात आणलं. शेजारी नवी टाकी आहे, अजून रिकामी, वाजवली की घुमते. छप्पर नवं आहे. केतकीच्या पातींचं. मार्चमध्ये त्या खरवडत होत्या त्याच.

सकाळी फॉर्म थ्रीचा विज्ञानाचा पहिला तास. कालची पूर्ण दुपार तयारी केली होती. सुवाच्या वह्या काढल्या, आकृत्या आखून ठेवल्या. रूता पुढच्या रांगेत होती. मुलं उभी राहिली, "शुभ सकाळ, नेई," म्हणाली, बसली. मी विचारलं, कुणाला काही शंका आहेत का आधीच्या धड्यावर.

पहिल्यांदा कुणीच नाही. मग रूताने हात वर केला. "मीठ पाण्यात टाकलं की दिसेनासं होतं. मग ते जातं कुठे?"

चांगला प्रश्न होता. त्याचं उत्तर मला येत होतं. फळ्यावर आकृती काढली, पाण्याचे कण, मिठाचे कण, ते एकमेकांपासून कसे सुटतात आणि पाण्यात कसे विखुरतात. रूताला ऐकू यावं म्हणून मोठ्याने आणि सावकाश बोलले. एक शब्द चुकला नाही.

"कळलं?"

"कळलं, नेई," सगळे एकदम म्हणाले.

त्यांनी आकृती वहीत उतरवली. सुबक उतरवली. पेनं खाली ठेवली, हाताची घडी घातली आणि माझ्याकडे बघत बसली. रूताही बसली. तिला आणखी काही विचारायचं होतं असं मला वाटलं, पण तिने विचारलं नाही. चटईच्या पलीकडे माझा जुना वर्ग कुणीतरी सांभाळत होतं, तिथूनही आवाज नव्हता. बाउरो सर दारावरून गेले, क्षणभर थांबले, आत पाहिलं आणि पुढे गेले.

मी घड्याळ पाहिलं. तास संपायला एकतीस मिनिटं होती.